लिमिटेड एडिशन मॉडेल इंजिन घेताना: आधी खरं इंजिन वाचा, मग मॉडेल निवडा

‘फ्लाइंग स्कॉट्समन’चं मॉडेल घ्यायचंय असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कुठल्या सालचं? हे इंजिन १९२३ साली डॉनकॅस्टरच्या कारखान्यातून बाहेर पडलं आणि आजही धावतंय. एवढ्या आयुष्यात त्याचा नंबर अनेकदा बदलला, बॉयलर बदलला, धुराडं बदललं, टेंडर (मागचे कोळसा-पाण्याचे डबे) बदलले, रंग तर कितीतरी वेळा बदलला. नाव तेवढं तेच राहिलं. त्यामुळे खोक्यावर ‘फ्लाइंग स्कॉट्समन, लिमिटेड एडिशन’ एवढंच छापलेलं असेल, तर आत नेमकं काय आहे हे अजून कळलेलं नसतं.

लिमिटेड एडिशन इंजिनाची खरी किंमत ते एखाद्या ठरावीक तारखेशी किती प्रामाणिक आहे यावर ठरते, असं माझं ठाम मत आहे. प्रमाणपत्र, सोनेरी अक्षरांचा खोका, ‘१०००पैकी ३४७’ असा क्रमांक हे सगळं नंतर. म्हणून इथल्या पायऱ्यांमध्ये पैसे मोजण्याची वेळ बरीच उशिरा येते. उदाहरणं ब्रिटिश रेल्वेची घेतली आहेत, कारण या प्रकारच्या मॉडेलांची मोठी आणि गोंधळाची बाजारपेठ तिथली आहे.

पायरी १: इंजिनाचा जीवनपट एका कागदावर लिहा

एक कोरा कागद घ्या. डाव्या बाजूला सालं, उजवीकडे त्या साली इंजिनात झालेला बदल. नंबर, रंग, बॉयलर, धुराडं, टेंडर, आणि नंतर बसवलेल्या किंवा काढलेल्या वस्तू एवढ्या सहा गोष्टी पुरतात. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’चा कागद साधारण असा होतो.

१९२३: नायजेल ग्रेझली यांच्या ए-१ वर्गातलं इंजिन, नंबर १४७२, रंग एलएनईआर (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे) कंपनीचा सफरचंदी हिरवा. १९२४: वेम्ब्लीच्या साम्राज्य प्रदर्शनात मांडण्यासाठी नंबर ४४७२ झाला. १९२८: कॉरिडॉर टेंडर जोडून १ मे रोजी लंडन ते एडिंबरा हा ३९२ मैलांचा न थांबता धावणारा प्रवास सुरू केला. या टेंडरच्या एका बाजूने जेमतेम १८ इंच रुंदीचा बोळ होता. त्यातून वाकून जात गाडी चालू असतानाच ड्रायव्हर-फायरमनची जोडी बदलायची. १९३४: ३० नोव्हेंबरला ताशी १०० मैल वेगाची अधिकृत नोंद. दुसऱ्या महायुद्धात काळा रंग. १९४६: नवी नंबर पद्धत आली, आधी ५०२ आणि काही महिन्यांतच १०३. १९४७: ए-३ वर्गात रूपांतर, बॉयलरचा दाब चौरस इंचाला १८० वरून २२० पौंड. १९४८ नंतर राष्ट्रीयीकरणातून बनलेल्या ‘ब्रिटिश रेल्वे’चा नंबर ६०१०३, काही काळ निळा रंग, मग गडद ब्रन्सविक हिरवा. १९५० च्या दशकाच्या अखेरीस किलचॅप पद्धतीचं दुहेरी धुराडं, १९६१ मध्ये दोन्ही बाजूंना जर्मन धर्तीचे स्मोक डिफ्लेक्टर (धूर वर ढकलणारे पत्रे). जानेवारी १९६३ मध्ये सेवानिवृत्ती.

कागद इथे संपवू नका. ॲलन पेग्लर यांनी ते विकत घेतलं आणि १९६३ मध्येच त्याला पुन्हा सफरचंदी हिरवा रंग, ४४७२ नंबर आणि एकेरी धुराडं मिळालं. १९६६ मध्ये पाण्यासाठी दुसरा टेंडर जोडला. १९६९ मध्ये इंजिन अमेरिकेला गेलं, तेव्हा घंटा आणि काऊकॅचर बसवले. १९७३ मध्ये विल्यम मॅकॲल्पाइन यांनी ते परत आणलं. पुढे ते ऑस्ट्रेलियाला गेलं आणि ऑगस्ट १९८९ मध्ये तिथे ४२२ मैल न थांबता धावलं. २००४ मध्ये यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियमने ते सुमारे २३ लाख पौंडांना घेतलं. लांबलेल्या दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये ते ६०१०३ नंबर, ब्रन्सविक हिरवा रंग, दुहेरी धुराडं आणि डिफ्लेक्टर अशा रूपात पुन्हा मुख्य मार्गावर आलं.

एवढं लिहून झालं की एक गोष्ट आपोआप दिसते. ए-३ रूपांतर १९४७ चं, आणि ४४७२ हा नंबर १९४६ मध्येच गेला होता. म्हणजे ४४७२ नंबर आणि ए-३ चा बॉयलर एकत्र असलेलं मॉडेल १९६३ च्या आधीचं असूच शकत नाही. ते जतनाच्या काळातलं इंजिन आहे. असं मॉडेल चांगलंच आहे, फक्त त्याच्यामागे १९३० च्या दशकातले सागवानी डबे लावून ‘१०० मैलांचा विक्रम’ दाखवू नका.

आणखी एक. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे इंजिनाचं नाव आहे तसंच गाडीचंही. लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून सकाळी दहाला एडिंबऱ्याकडे निघणारी गाडी १८६२ पासूनची, इंजिन तिच्या साठ वर्षं नंतरचं. ती गाडी कितीतरी वेगवेगळ्या इंजिनांनी ओढली आहे. संचाच्या खोक्यावर फक्त हे नाव असेल तर आत इंजिन कुठलं आहे ते पाहूनच पुढे जा.

पायरी २: एक तारीख निवडा

आता कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवायचं. कुठल्या ओळीवर, हे तुमच्या घरच्या मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर अवलंबून. तुमच्याकडे डबे कुठल्या काळातले आहेत, स्टेशनवरच्या पाट्या कुठल्या काळातल्या, सिग्नल हाताचे की दिव्यांचे, हे आधी ठरलेलं असेल तर निवड सोपी जाते. फक्त कपाटात ठेवायचं असेल तर जी घटना मनाला भिडते ती तारीख घ्या.

घटनेवर आधारित मॉडेल घेताना एक सापळा असतो. संग्रहालयातलं इंजिन म्हणजे घटनेच्या दिवशीचं इंजिन, असं गृहीत धरलं जातं. ए-४ वर्गातलं ‘मॅलार्ड’ घ्या. ३ जुलै १९३८, ग्रँथमच्या दक्षिणेचा स्टोक बँकचा उतार, ड्रायव्हर जो डडिंग्टन, फायरमन टॉमी ब्रे, ताशी १२६ मैल. वाफेच्या इंजिनाचा हा विक्रम आजही अबाधित आहे. मागे वेग मोजणारा डायनॅमोमीटर डबा आणि जोडीजोडीने सांधलेले सहा डबे, एकूण २४० टन. मधल्या सिलिंडरचं बिग-एंड बेअरिंग तापल्यामुळे परतीच्या वाटेवर पीटरबराला इंजिन बदलावं लागलं. यॉर्कला उभ्या असलेल्या ‘मॅलार्ड’च्या बॉयलरवर या विक्रमाची पाटी आहे, पण ती १९४८ मध्ये बसवली. म्हणजे पाटी आणि ४४६८ हा मूळ नंबर दोन्ही असलेलं निळं ‘मॅलार्ड’ हे संग्रहालयातलं ‘मॅलार्ड’. जुलै १९३८ चं हवं असेल तर पाटी नको, आणि चाकांवरचे बाजूचे पत्रे शाबूत हवेत. हे पत्रे महायुद्धात देखभाल सोपी व्हावी म्हणून काढून टाकले गेले, त्यामुळे ब्रिटिश रेल्वेच्या काळातलं कुठलंही ए-४ इंजिन चाकं उघडी असलेलंच दिसायला हवं.

‘सिटी ऑफ ट्रुरो’चंही तसंच. ९ मे १९०४ रोजी वेलिंग्टन बँकवर या इंजिनाने ताशी १०० मैल ओलांडले, असा दावा चार्ल्स राऊस-मार्टेन यांच्या घड्याळातल्या नोंदीवरून केला जातो, आणि त्यावर आजही वाद आहे. तेव्हा त्याचा नंबर ३४४० होता. १९१२ मध्ये तो ३७१७ झाला आणि त्याच सुमारास बॉयलरही बदलला. १९०४ चा दिवस हवा असेल तर नुसता नंबर ३४४० आहे एवढं पुरत नाही.

पायरी ३: ‘लिमिटेड’ म्हणजे नेमकं काय मर्यादित आहे ते विचारा

या पायरीवर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. मॉडेल इंजिनाचा सर्वात मोठा खर्च साच्याचा. एकदा साचा बनला की कंपनी त्यातून वर्षानुवर्षं वेगवेगळे नंबर, नावं आणि रंग काढते. ‘लिमिटेड एडिशन’ लिहिलेलं बहुतेक इंजिन म्हणजे तोच साचा, तीच मोटर, तीच चाकं. मर्यादित असतो तो विशिष्ट रंग, नंबर आणि खोका यांचा मेळ. पुढच्याच वर्षी त्याच वर्गाचं दुसरं इंजिन साध्या खोक्यात येऊ शकतं, आणि धावण्याच्या बाबतीत तसूभरही कमी नसतं.

प्रकार ढोबळमानाने चार. कंपनीने स्वतः काढलेली क्रमांकित आवृत्ती. एखाद्या दुकानाने कंपनीकडून खास बनवून घेतलेला नंबर. कंपनीच्या संग्राहक क्लबाच्या सभासदांपुरती काढलेली वार्षिक आवृत्ती. आणि संग्रहालयाने स्वतःच्या संग्रहातल्या इंजिनावरून बनवून घेतलेलं मॉडेल.

माझा कल उघडपणे चौथ्या प्रकाराकडे आहे. नॅशनल रेल्वे म्युझियमने २००७ मध्ये बाकमन या मॉडेल कंपनीकडून ‘डेल्टिक’च्या प्रोटोटाइपचं मॉडेल बनवून घेतलं. खरं इंजिन इंग्लिश इलेक्ट्रिकने १९५५ मध्ये बांधलेलं, फिक्या निळ्या रंगाचं, अंगावर ‘डेल्टिक’ हे नाव मोठ्या अक्षरांत, आणि असं इंजिन जगात एकच. त्याच्यावरून पुढे बनलेली २२ उत्पादन इंजिनं दिसायला वेगळी आहेत. त्यामुळे या प्रोटोटाइपचा साचा दुसऱ्या कशालाही वापरता येत नाही. रॅपिडो कंपनीने संग्रहालयाच्याच ‘लोकोमोशन मॉडेल्स’साठी केलेली एपीटी-ई गाडीही अशीच. ती गॅस टर्बाइनवर चालणारी, वळणावर कलणारी चार डब्यांची प्रायोगिक गाडी होती. ऑगस्ट १९७५ मध्ये तिने ताशी १५२.३ मैल वेग गाठला, आणि १९७६ मध्ये ती थेट संग्रहालयात आली. अशा मॉडेलांमध्ये मर्यादा खऱ्या गाडीतूनच येते. शिवाय खरी गाडी संग्रहालयाच्या ताब्यात असल्यामुळे मोजमाप घेणाऱ्यांना तिच्यापर्यंत थेट पोहोचता येतं.

गुंतवणूक म्हणून लिमिटेड एडिशन घेऊ नका. एखादी कंपनी त्याच वर्गाचा नवा, अधिक बारीक तपशिलांचा साचा जाहीर करते आणि जुन्या ‘दुर्मीळ’ इंजिनाची मागणी एका दिवसात खाली येते.

पायरी ४: पुढून मागे, खऱ्या फोटोशी ताडून पाहा

नवं मॉडेल जाहीर झाल्यावर बाजारात येईपर्यंत बरेच महिने जातात. मधल्या काळात कंपन्या आधी बिनरंगी आणि मग रंगवलेल्या नमुन्यांचे फोटो दाखवतात. ताडण्याची खरी वेळ ही. चूक सापडली तर या टप्प्यावर कंपनीला कळवता येतं आणि ती दुरुस्तही होऊ शकते.

तुम्ही निवडलेल्या तारखेच्या जवळचा खऱ्या इंजिनाचा फोटो शोधा, शक्यतो दोन्ही बाजूंचा. इंजिनाच्या डाव्या-उजव्या बाजूचे पाईप आणि पंप सारखे नसतात. मग समोरून सुरुवात करा.

बफर बीमवर, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या आडव्या पट्टीवर पाहा. ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीचं ६००० नंबरचं ‘किंग जॉर्ज पाचवा’ इंजिन १९२७ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या शताब्दी सोहळ्याला गेलं आणि तिथून भेट मिळालेली पितळी घंटा पुढे बसवून आलं. त्या प्रवासाआधीच्या रूपातल्या मॉडेलवर घंटा असली तर ती चूक.

मग स्मोकबॉक्स, म्हणजे बॉयलरच्या पुढचा, धुराड्याखालचा भाग. ए-३ इंजिनांच्या स्मोकबॉक्सच्या दोन्ही बाजूंना वरच्या अंगाला सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांच्या) टोकांवरचे छोटे आयताकृती उंचवटे दिसतात. ए-१ रूपातल्या ‘फ्लाइंग स्कॉट्समन’वर ते नसतात. हा एवढासा फुगवटा पाहून ४४७२ नंबरचं मॉडेल युद्धापूर्वीचं की १९६३ नंतरचं, हे हातभर अंतरावरून सांगता येतं. विल्यम स्टॅनियर यांच्या प्रिन्सेस कॉरोनेशन वर्गात तर स्मोकबॉक्सची गोष्ट आणखी रंजक आहे. वाऱ्याला वाट करून देणारं गोलसर आवरण चढवलेली इंजिनं १९४० च्या दशकात आवरण उतरवून साधी केली गेली. पण आवरणाखाली बसावं म्हणून स्मोकबॉक्सचा वरचा भाग पुढे उतरता केलेला होता, तो बराच काळ तसाच राहिला. आवरण काढलेल्या इंजिनाचा स्मोकबॉक्स वरून तिरका कापल्यासारखा दिसतो, आणि आधीपासून साध्या बांधलेल्या बहिणींचा पूर्ण गोल. उतरत्या स्मोकबॉक्सच्या जागी पुढे गोल बसवले गेले, म्हणून इथेही तारीख लागतेच.

याच वर्गातल्या एका घटनेवरून मॉडेलवाल्यांमध्ये नेहमी वाद होतो. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यासाठी ६२२० ‘कॉरोनेशन’ अमेरिकेला पाठवलं, असं जाहीर झालं. प्रत्यक्षात गेलं ते ६२२९ ‘डचेस ऑफ हॅमिल्टन’, नाव आणि नंबर बदलून, किरमिजी रंगात सोनेरी पट्ट्यांसह, पुढे घंटा आणि मोठा दिवा लावून. खरं निळं ‘कॉरोनेशन’ मायदेशी ६२२९ बनून धावत राहिलं. युद्धामुळे इंजिन १९४२ पर्यंत अमेरिकेतच अडकलं आणि परतल्यावर १९४३ मध्ये दोघांना आपापली नावं मिळाली. म्हणजे किरमिजी रंगाचं, ६२२० नंबरचं मॉडेल पाहून ‘रंग चुकला’ म्हणणारा स्वतःच चुकतो. मला हे मॉडेल फार आवडतं, कारण ते कपाटात ठेवलं की ही सगळी हकिगत पाहुण्यांना सांगता येते.

पुढे बॉयलर, धुराडं, घुमट. ब्रिटिश रेल्वेने बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिन ९२२२० ‘ईव्हनिंग स्टार’, मार्च १९६०, स्विंडन. ९-एफ वर्गातली २५१ इंजिनं, त्यांत ब्रिटिश रेल्वेच्या सेवेत हिरवा रंग आणि तांब्याच्या कडेचं धुराडं मिळालं ते या एकट्याला, बाकी सगळी काळी. म्हणून सेवेच्या काळातलं म्हणून दाखवलेलं दुसऱ्या कुठल्याही नंबरचं हिरवं ९-एफ दिसलं तर हात मागे घ्या.

कॅब आणि टेंडरवर नंबर कुठे आहे ते बघा. एलएनईआरच्या सुरुवातीच्या वर्षांत नंबर टेंडरच्या बाजूवर रंगवत, १९२० च्या दशकाच्या अखेरीस तो कॅबवर आला. वेम्ब्लीच्या काळातल्या ४४७२ चा नंबर टेंडरवर हवा. टेंडरच्या वरच्या कडेला कोळशासाठी दांड्या आहेत की नाहीत, मागच्या बाजूला कॉरिडॉरचं दार आहे की नाही, हेही त्याच फोटोत तपासून टाका.

एका गोष्टीसाठी मात्र कुठल्याही मॉडेलला दोष देऊ नका. ब्रिटनमधलं प्रचलित ओओ माप १:७६.२, म्हणजे खऱ्या एका फुटाला ४ मिलिमीटर. या हिशेबाने रुळांमधलं अंतर १८.८३ मिलिमीटर यायला हवं, पण ओओमध्ये ते १६.५ ठेवलेलं आहे. समोरून पाहिल्यावर इंजिन जरा अरुंद पायांवर उभं वाटतं ते त्यामुळे.

‘टॉर्नेडो’ घेणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. पेपरकॉर्न ए-१ वर्गातली (हा ग्रेझलींच्या ए-१ पेक्षा वेगळा वर्ग) मूळ ४९ इंजिनं भंगारात गेली. शेवटचा नंबर ६०१६२ होता, म्हणून लोकवर्गणीतून नव्याने बांधून २००८ मध्ये पूर्ण झालेल्या इंजिनाला ६०१६३ नंबर दिला. करडा अस्तराचा रंग, सफरचंदी हिरवा, ब्रन्सविक हिरवा, निळा असे सगळे रंग त्याने खरोखर मिरवले आहेत, पण सगळे २००८ नंतर. १९५० च्या दशकातल्या मांडणीवर त्याला जागा नाही. आजच्या विशेष गाडीपुढे मात्र ते अगदी शोभतं.

पायरी ५: सेकंडहँड घेताना

जुन्या लिमिटेड एडिशन बहुतेक वेळा सेकंडहँडच मिळतात. विक्रेत्याकडे पुढच्या गोष्टी मागा आणि त्या मिळेपर्यंत पैसे देऊ नका.

पहिली, इंजिन सावकाश चालतानाचा व्हिडिओ, दोन्ही दिशांनी. वेगात सगळीच इंजिनं बरी धावतात. अगदी हळू चालवल्यावर धक्के बसत असतील, किंवा चाकाच्या दर फेरीत एकाच जागी अडखळत असेल, तर गिअर तडकलेला किंवा कनेक्टिंग रॉड वाकलेला असण्याची शक्यता असते.

दुसरी, खालून आणि दोन्ही टोकांकडून काढलेले जवळचे फोटो. जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या भागांना मॅझॅक रॉट नावाचा रोग लागतो. ओतताना धातूत शिसं वगैरे अशुद्धी राहिली की काही वर्षांनी तो भाग आतून फुगतो, वाकतो, त्यावर बारीक भेगा येतात आणि शेवटी हातात तुकडे येतात. यावर उपाय नाही, भाग बदलावा लागतो. चासीची टोकं वर-खाली झालेली, बॉडी मध्ये उचलल्यासारखी, बफर बीम किंचित तिरका, ही लक्षणं. प्रमाणपत्र कितीही चकचकीत असो, ही लक्षणं दिसली तर ते इंजिन घेऊ नका.

तिसरी, नंबर मूळचा आहे की नंतर बदललेला. दिव्याखाली इंजिन तिरपं धरून नंबरभोवती पाहा. कारखान्यात छापलेला नंबर रंगातच बसलेला असतो. नंतर चिकटवलेल्या ट्रान्सफरच्या (छापील चिकटपट्टीच्या) भोवती पातळ पापुद्र्याची कड चमकते, किंवा जुना नंबर घासून काढलेली जागा आजूबाजूपेक्षा वेगळी लकाकते. फोटोवरून घेत असाल तर असा तिरप्या उजेडातला फोटो खास मागवा.

चौथी, सुट्या भागांची पिशवी. पाईप, पायऱ्या, कोरीव धातूच्या नेमप्लेट बहुतेकदा वेगळ्या दिलेल्या असतात. पिशवी न उघडलेली असली तर उत्तम. प्रमाणपत्रावरचा क्रमांक खोक्यावर लिहिलेला असेल, तर दोन्ही जुळतात का तेही पाहा.

पायरी ६: घरी आल्यावर

पॅकिंगमधून काढताना बॉयलरच्या भागाला किंवा टेंडरच्या बाजूला धरा. चाकांवरच्या बारीक दांड्यांना हात लावू नका. पारदर्शक आवरणातून सरकवून काढताना सर्वात जास्त मोडतात त्या कॅबच्या पायऱ्या.

डेकोडर (डिजिटल आज्ञा समजून इंजिन चालवणारी चिप) बसवायचा असला तरी आधी साध्या १२ व्होल्टच्या कंट्रोलरवर चालवून बघा. दोष असेल तर तो याच वेळी कळतो. मध्यम वेगाने, मागे काही न जोडता, अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे. मग धुऱ्यांवर सुईच्या टोकाएवढं हलकं तेल, गिअरला प्लॅस्टिकला न खाणारं ग्रीस. जास्त तेल हे कमी तेलापेक्षा वाईट, ते चाकांवर उतरतं आणि रुळांवर पसरतं.

डीसीसीचा, म्हणजे डिजिटल नियंत्रणाचा, डेकोडर विकत घेण्याआधी इंजिनातलं सॉकेट पाहा. ८ पिनचं आहे, २१ पिनचं, की नेक्स्ट-१८, यावर डेकोडर ठरतो. नव्या डेकोडरचा पत्ता, म्हणजे त्याला ओळखण्याचा क्रमांक, ३ असतो. इंजिनाचा नंबरच पत्ता म्हणून देण्याची पद्धत सोयीची आहे. ४४७२ किंवा ४४६८ सरळ बसतात. ६०१०३ मात्र बसत नाही, कारण बहुतेक यंत्रणांत पत्ता ९९९९ पर्यंतच जातो. शेवटचे अंक घेऊन १०३ द्या.

आता वळणं. ओओमधली मोठी इंजिनं साधारणपणे दुसऱ्या त्रिज्येच्या, म्हणजे ४३८ मिलिमीटरच्या वळणापर्यंत चालतील अशी बनवलेली असतात. पण ग्रेझलींच्या खऱ्या ए-३ आणि ए-४ इंजिनांत कॅबखालची मागची चाकं इंजिनाच्या चौकटीतच बसवलेली आहेत, ती बोगीसारखी (स्वतंत्र वळणाऱ्या चाकांच्या गाड्यासारखी) वळत नाहीत. मॉडेलमध्येही ती चौकट तशीच स्थिर दाखवायची, आणि तरीही इंजिन घट्ट वळणावरून न्यायचं, हा पेच आहे. त्यावर अनेक मॉडेलांत मागची चाकं बिनकडेची (रुळाला धरणारी कड नसलेली) देतात, म्हणजे ती रुळांवर नुसती तरंगतात, आणि कपाटात मांडण्यासाठी कडेची चाकं पिशवीत वेगळी देतात. इंजिन चालवायचं असेल तर बिनकडेची राहू द्या. ठेवायचंच असेल तर कडेची बसवा, बाजूने पाहिल्यावर फरक लगेच जाणवतो. पुढच्या बफर बीमखालचे पाईपही घट्ट वळणावर बोगीच्या चाकांना घासतात, चालवणाऱ्यांनी ते न बसवलेलेच बरे.

वेगही मापात ठेवा. खऱ्या ताशी ६० मैलांना ओओमध्ये सेकंदाला साधारण ३५ सेंटिमीटर. मांडणीवर एक मीटरची खूण करून घड्याळ लावा, मीटरभर अंतराला जवळजवळ तीन सेकंद लागायला हवेत. ‘मॅलार्ड’च्या १२६ मैलांनाही मीटरला सव्वा सेकंदापेक्षा थोडा जास्तच वेळ लागतो. बहुतेक लोक याच्या दुप्पट वेगाने गाड्या पळवतात.

पायरी ७: मागे योग्य गाडी

इंजिनाची तारीख ठरली की डब्यांची निवड आपोआप अरुंद होते. ‘ईव्हनिंग स्टार’ मालगाडीच्या कामासाठी बनलेल्या वर्गाचं, पण ८ सप्टेंबर १९६२ ला सॉमरसेट अँड डॉर्सेट मार्गावरून गेलेली शेवटची ‘पाइन्स एक्सप्रेस’ त्याने ओढली, म्हणून त्याच्यामागे प्रवासी डबे लावायला भक्कम आधार आहे. १९३५ ची चंदेरी ए-४ इंजिनं चंदेरी ‘सिल्व्हर ज्युबिली’ डब्यांसाठीच होती. ११ ऑगस्ट १९६८ ची ‘फिफ्टीन गिनी स्पेशल’, म्हणजे ब्रिटिश रेल्वेची नियमित वापरातल्या वाफेच्या इंजिनांची शेवटची गाडी करायची असेल, तर चार नंबर लक्षात ठेवा: ४५११०, ७००१३ ‘ऑलिव्हर क्रॉमवेल’, ४४८७१ आणि ४४७८१. यांतलं शेवटचं सोडून तिन्ही इंजिनं जतन केलेली आहेत. एकाच गाडीसाठी चार इंजिनं जमवणं खर्चिक आहे, पण दोन-तीन वर्षांत पुरं करायचं ठरवलं तर यासारखा समाधान देणारा संग्रह नाही.

पायरी ८: जपणूक आणि नोंदवही

कपाट थेट उन्हात नको, लाल आणि निळे रंग आधी विटतात. तापमान फार वरखाली होणारी जागाही नको. जुन्या खोक्यांतला फोम कालांतराने चिकट होऊन रंगाला डाग पाडतो, तेव्हा इंजिन आणि फोम यांच्यामध्ये आम्ल नसलेला पातळ कागद गुंडाळा. फोम चुरायला लागला असेल तर तो बदला, मूळ फोमच्या मोहापायी रंग घालवू नका. चाकं साफ करायला कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण ते छापील अक्षरांना लागू देऊ नका. वर्षातून दोनदा तरी प्रत्येक इंजिन बाहेर काढून थोडं चालवा. तेल वाळून गिअर धरण्याचा त्रास त्यामुळे टळतो.

प्रत्येक इंजिनासाठी वहीत एक पान ठेवा: निवडलेली तारीख, प्रमाणपत्राचा क्रमांक, डेकोडरचा पत्ता, शेवटचं तेल कधी घातलं, आणि पहिल्या पायरीतला जीवनपट. ब्रिटनला जाणं झालं तर हे पान बरोबर न्या. यॉर्कला ‘मॅलार्ड’ आणि २००९ मध्ये पुन्हा आवरण चढवलेलं ‘डचेस ऑफ हॅमिल्टन’, शिल्डनला एपीटी-ई पाहता येते. संग्रहालयं इंजिनांची अदलाबदल करत असतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. फोटो काढताना देखण्या कोनाच्या मागे न लागता तुमच्या पानावर ज्या तपशिलापुढे प्रश्नचिन्ह आहे तोच भाग आधी टिपा: पाटीचे खिळे, टेंडरची मागची बाजू, कॅबखालची चाकं.